चमच्याला लावलेली ब्रेकची तार

मी, झिपरू नथ्थू वाडिले, वय एकसष्ट, धंदा सायकल दुरुस्ती, राहणार चाळीसगाव, हे अंथरुणावरून लिहवून घेतो. छाती गेली आहे, डोके ठिकाणावर आहे. कोणी भरीस घातलेले नाही.

१. राहते घर व पोस्टातली शिल्लक पत्नी इंदिराबाई हिची. तिच्या हयातीत घर कोणी विकू नये.

२. माझा हवेचा पंप धुळ्याचा साडू धनसिंग याच्याकडे नऊ वर्षे पडून आहे. तो आणावा. मी मागून थकलो. त्याला लाज नाही.

३. लाकडी पेटी, पत्र्याची कात्री, कानशी आणि मी केलेले सर्व चमचे धाकटा भाऊ कै. भटू याची पत्नी बेबाबाई हिला. तिने ते मोडावेत नाहीतर विहिरीत टाकावेत. कारण लिहिणे भाग आहे.

पितळी चमच्याचा दांडा कापून, भोक पाडून गळ अडकवला की तो पाण्यात मासळीसारखा चमकतो. मोठा मासा त्यावर झडप घालतो. हे वडिलांनी शिकवले. दोरी मनगटाला गुंडाळायची, पण चमच्याजवळ वीतभर कच्चा दोरा ठेवायचाच, ही त्यांची ताकीद. "मासा जाऊ दे, हात ऱ्हाऊ दे," म्हणत.

१९६१ साली मेहुणबाऱ्याच्या डोहात एका मोठ्या शिवडा माशाने भटूचे तीन चमचे तोडून नेले. भटू म्हणाला, "नाना, दोरा तुटी जास. तार लाई दे." ताकीद मला आठवत होती. पण माझे चमचे हरतात हे सोसेना. मी दोऱ्याच्या जागी ब्रेकची तार लावली, दोरीही दुप्पट जाड दिली.

तार तुटली नाही. भटूचे प्रेत तिसऱ्या दिवशी डोहात सापडले. पोलीस येण्याआधी चमचा मी खिशात घातला. पाय घसरला, असे पंचनाम्यात मीच सांगितले. तो चमचा पेटीच्या तळाशी ठेवला. मोडण्याचा धीर झाला नाही.

एवढे आज सकाळी बेबाबाईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "भाऊ, त्यासना हातनी दोरी मीच सोडी व्हती. तार देखी व्हती मी."

"मग बारा वर्षे बोलली का नाहीस?"

"बोलीसन कोठे जाती? तुमनंच घर व्हतं."

पेटी तिच्या स्वाधीन करायला उघडली. तारेचा चमचा त्यात नव्हता. यंदाच्या दुष्काळात डोहाचा मधला खोल भाग तेवढा उरला आहे, त्यात भल्या मोठ्या माशाची पाठ दिसते, असे माझा मुलगा अभिमन परवाच सांगत होता. इंदिराबाई म्हणाली, तो उजाडताच सायकल घेऊन डोहाकडे गेला. भटू कसा गेला हे मी त्याला कधी सांगितलेले नाही.

माझ्याने उठवेना. बेबाबाई उठली. "मी लई येसू त्याले," म्हणाली आणि त्याला आणायला एस.टी.कडे धावली.

४. सायकलचे दुकान अभिमनचे. लिहून घेणारे फुलचंद शेठ म्हणतात, "तो तुमच्यामागे हयात नसल्यास कोणाला, हेही घालावे लागते." मी ती ओळ घालू दिलेली नाही. तीन वाजून गेले आहेत, दोघांपैकी कोणी परतलेले नाही.

सही: झिपरू नथ्थू वाडिले

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
फुलचंद भंवरलाल छाजेड, किराणा दुकानदार
कौतिक दगडू पाटील, शेजारी

चाळीसगाव, ता. ११ एप्रिल १९७३