तब्येतीच्या चव्वेचाळीस फायली

मंगळवार, संध्याकाळ. कोथरूड.

दिनू, तुझी तब्येत कशी आहे, मंदाचे गुडघे काय म्हणतात, पिंकीचा खोकला थांबला का? धाकट्या भावाला माझं प्रत्येक पत्र असंच सुरू होतं. फाइलला वेगळं नाव मी कधी दिलंच नाही, पहिली ओळच नाव होऊन बसते.

जुन्या संगणकावर दोन वर्षांपूर्वीच्या भांडणानंतर त्याला लिहिलेलं पत्र खालच्या कोपऱ्यात असायचं, हात आपोआप जायचा. नवीन सिस्टिम आल्यापासून सगळं हललंय. शोधलं तर तब्येतीच्याच चव्वेचाळीस फायली.

सूनबाई म्हणाली, "आई, एवढी चौकशी दवाखान्यातसुद्धा करत नाहीत. हा नवा संगणक आता पत्राच्या आतलंही शोधतो. त्यातला एखादा शब्द सांगा."

त्या पत्रात मी माफी मागितली होती, दोन वर्षं गप्प बसला तो दिनूच, हे मला त्याला दाखवायचं होतं. म्हटलं, 'चुकलं' घाल.

एकच पत्र आलं. तेच. त्यात लिहिलंय, 'तुझं चुकलं.'

दोनदा वाचलं. म्हणजे माफी मी मनातच मागितली होती की काय? तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

आत्ता नवीन पत्र लिहायला घेतलं. यावेळी तब्येत दुसऱ्या ओळीत. पहिली ओळ, 'दिनू, माझं चुकलं.' फाइलचं नावही तेच पडलंय.

शेवटची ओळ, 'वाचलंस की लवकर लिही रे बाबा.'