आधी सेकेंना सलाम

३ फेब्रुवारी, सोमवार
एक्कावन्नाव्या वर्षी नवी नोकरी! सिर नदीकाठचं सिंचन कार्यालय, दुधाचा चहा, ताजे तळलेले बाउरसाक आणि न डगमगणारी खुर्ची. याहून जास्त मागणारा माणूस हावरट. इमेलचं धड इंजिनिअर लिहितात, मुंडकं मी. म्हणजे सलाम, मग तब्येतीची, घरच्यांची, गुरांची विचारपूस, आणि उरलंच तर पाणी. नावं लावायची ती वयाने, हुद्द्याने नाही. आमच्या प्रमुख बिबिगुल-आपाय (आपाय म्हणजे ताई) म्हणाल्या की पाणी उशिरा सोडलं तर लोक शिव्या देऊन गप्प बसतात, पण सलाम मागेपुढे झाला तर नातवंडांपर्यंत अबोला चालतो. तुझी जीभ तिखट आहे म्हणे, इथे जरा साखर लाव, असंही म्हणाल्या.

५ फेब्रुवारी
सलामाच्या यादीत अकरा नावं. पहिलं जुन्या साहेबांचं, सेयितकालींचं. सगळे त्यांना आदराने सेके म्हणतात. ते कुठे बसतात, असं विचारलं, तर कळलं, वीटभट्टीमागच्या कबरस्तानात, गेली चार वर्षं. मग नाव का काढलं नाही? थोरांचं नाव धाकट्यांनी काढायचं नसतं, आणि इथे सगळेच त्यांच्याहून धाकटे.
मी पोट धरून हसलो. पंपाच्या पत्रात सेकेंना गाळून टाकलं. आपाय पुटपुटल्या, अरे बाबा, दारात बसलेल्या म्हाताऱ्याला ओलांडून घरात शिरलास.

६ फेब्रुवारी
सेकेंच्या पत्त्यावरून उत्तर आलं. ‘आदरणीय काइरोल्ला, तब्येत बरी ना? घरी आईसाहेब बऱ्या?’ खाली कोरं.
संगणकवाल्या रुस्लानचा चावटपणा असणार. तो मुलांची शपथ घेऊन म्हणाला, काका, तो पासवर्ड त्यांच्याबरोबरच पुरला गेला.

१० फेब्रुवारी
पुन्हा आलं. ‘काइरोल्ला, बरा आहेस?’ आदरणीय गेलं. मी उत्तर दिलं नाही. भुताशी पत्रव्यवहार करण्याइतका मी अजून रिकामा नाही.

१२ फेब्रुवारी
आज सेकेंचं पत्र सगळ्यांना गेलं. ‘मरहूम काइरोल्लाच्या घरच्यांना सलाम. अल्ला त्याला जन्नत देवो.’
मी लगेच सगळ्यांना लिहिलं की मी जिवंत आहे, दुसऱ्या मजल्यावर बसून चहा पितो आहे. आपाय संतापल्या. वडीलधाऱ्याचं संबोधन चारचौघांत खोडतोस? मी म्हटलं, मग तुम्ही खोडा. त्या म्हणाल्या, खोडू शकेल तो फक्त सेकेंहून वडील माणूस.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
माझ्या टेबलावर सात शेल्पेक. तळलेल्या, गरम पोळ्या. मेलेल्यांसाठी शुक्रवारी करतात त्या. रुस्लानने एक तुकडा तोडला, माझं नाव घेऊन दुवा मागितली आणि दुसऱ्याला म्हणाला, माणूस गमत्या होता हो. मी समोर उभा होतो.

१७ फेब्रुवारी
सुचलं! सेके आज असते तर ब्याऐंशीचे. माझी आई चौऱ्याऐंशीची! तिने एक ओळ लिहिली की संपलं. नात तिला इमेल वाचून दाखवते, तीच लिहूनही देईल.
फोन केला. आई रडत होती. सेकेंचं पत्र तिलाही आलेलं. मी ओरडलो, आई, मी बोलतोय, मी! तिने नाक पुसलं. मग म्हणाली, एवढा मोठा माणूस खोटं कशाला लिहील, बाळा?
म्हटलं, तू त्यांच्याहून मोठी आहेस, लिही की चूक आहे.
लिहिलं, म्हणाली. सलाम आला की परत करावाच लागतो. सांत्वनाबद्दल आभार मानले.

१८ फेब्रुवारी
आईला पुन्हा फोन. ती नुसतंच कोण, कोण म्हणत राहिली. मी बोलत होतो—

१९ फेब्रुवारी
माझ्या खुर्चीत नवी बाई. आपाय तिला यादी समजावतायत. अकरा नव्हे, बारा नावं. सेकेंखाली माझं. वयाने नाही— तो नियम जिवंतांसाठी, म्हणाल्या.

२० फेब्रुवारी
चहाचा वास येत नाही. खिडकीच्या काचेत माझं— नको.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
पत्र. फक्त मला. ‘प्रिय कायरेके’— आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मला असं आदराने— ‘अस्सलाम अलैकुम. इकडे जागा ठेवली आहे.’
उत्तर द्यायचं नाही. नाहीच द्यायचं.
पण सलाम. आलेला सलाम परत न करणं— आईने शिकवलंय— बोटं आपोआप—
वालेकुम अस्स