पांढऱ्या फुलाचा बी-बाम

१९ नोव्हेंबर २०२३

पेरलं एकदाचं! लेकीनं, आदितीनं ओहायोहून पाठवलेलं बी महिनाभर फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्यामागं ठेवलं होतं. थंडी दाखवल्याशिवाय नीट उगवत नाही म्हणे. कसले हे लाड! सुनेचे केले नसते इतके. बी खसखशीहून बारीक. एक शिंक आली असती तर सगळ्या मंगळवार पेठेत उगवलं असतं.

हे परड्यातल्या कट्ट्यावर बसून बघत होते. जन्मभर बियाण्याचं दुकान चालवलेला माणूस. मला वाटलं, आता ओरडतील — ‘असं न्हाय गं, नुसतं दाब, वर माती टाकू नगंस.’ काही नाही. शेवटी मीच विचारलं, वर माती टाकू का नको?

‘आक्का, तुझं तू बघ,’ म्हणाले.

आक्का म्हणजे यांची थोरली बहीण. ती जाऊन किती वर्षं झाली. मी राजमती. बायको. पण ते रोज रोज काय सांगायचं!

२४ नोव्हेंबर

काही नाही. नुसती माती.

३० नोव्हेंबर

उगवलं! आणि कामाला येणारी शालूबाई कुंडीत हात घालून उभी — ‘वैनी, तण आलंय. काढू?’ हात धरला तिचा. म्हटलं, बी-बाम आहे तो. ‘बाम? गुडघ्याला लावत्यात त्यो?’ नाही गं बाई, झाडाचं नाव आहे. ‘म्हंजे बामचं बी पेरलंय म्हणा की!’ इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. या ‘बी’ शब्दानं आमच्याकडं आधीही एकदा घोळ घातलाय.

आदितीच्या बाळंतपणाला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. दुकान नाही, गिऱ्हाईक नाही, बोलायला माणूस नाही. हे नुसते खिडकीत. शेजारी मोना नावाची म्हातारी. नाव आपल्याकडच्या पोरीचं आणि बाई गोरीपान! तिच्या कुंपणाशी कमरेइतकी झाडं, वर पांढरी फुलं, झोपेतून उठलेल्या पोराच्या केसांसारखी विस्कटलेली. हे रोज तिथं जाऊन उभे राहायचे. एक दिवस ती यांच्या बाहीकडं बोट करून ओरडली, ‘बी! बी!’ बियाणंवाल्यानं काय करावं? सरळ ओंजळ पुढं केली. ‘व्हय, द्या की! ओंजळभर द्या!’ तेवढ्यात बाहीवरची मधमाशी चावली. तेव्हा कळलं, त्यांच्या भाषेत बी म्हणजे मधमाशी!

मोनानं त्याच झाडाचा, म्हणजे या बी-बामचाच, पाला चुरगाळून मनगटावर चोळला. ओवा, पुदिना आणि संत्र्याची साल एकत्र केल्यासारखा वास. त्या दिवसापासून दोघं कुंपणाच्या दोन बाजूंना. तिचं इंग्रजी, यांचं कोल्हापुरी. काय समजायचं देव जाणे, पण खदाखदा हसायचे. ‘आपण जैन, मध खात न्हाय, आन मैत्री बघ कुणाशी झाली, मधमाशांच्या झाडाशी!’ हे मला म्हणायचे. आणि मग ती हाक — ‘राजमतीऽ, दोन गिलास सरबत आण गं!’ सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. मला राग यायचा. मी म्हणायचे, ही काय आपली पेठ आहे का?

ओरडा की आता. हवं तेवढं ओरडा.

१४ जानेवारी २०२४

रोपं जमिनीत लावली. पहाटे गारठा आहे, झाडं खूश. आदितीला फोनवर दाखवली. तर म्हणते, ‘आई, बियांपासून पांढरंच येईल असं नाही हं. जांभळटही निघतं.’ चरकलेच. मला पांढरंच हवंय.

का हवंय ते तिला सांगितलं नाही. इथं लिहिते. डॉक्टर म्हणाले, जुने वास, जुनी गाणी, जुने फोटो दाखवत जा. लग्नाचा अल्बम दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, ‘नवरी झ्याक हाय. कुणाची म्हणायची?’ मी हसले. दुसरं काय करणार? पण तो ओहायोचा उन्हाळा यांच्या आयुष्यातला सगळ्यात मजेचा. ते फूल समोर आलं की काहीतरी हलेल. एकदा, फक्त एकदा मला नावानं हाक मारावी. मग विसरू देत खुशाल.

३ मार्च

पाला चुरगाळून नाकाशी धरला. ‘ओवा,’ म्हणाले आणि हात झटकला. ओवा म्हणे! बियाणंवाले म्हणवतात.

९ जून

कळी नाही. आता पावसाळा.

२१ जुलै

पाऊस थांबायचं नाव नाही. पंचगंगा फुगलीय. पानांवर पांढरी भुरी धरली. पांढरं हवं म्हटलं होतं, हे असं नव्हे!

९ ऑगस्ट

गेलं. काळं पडून, कुजून, आडवं. शालूबाई म्हणाली, ‘उपटू का, वैनी? घाण दिसतंय.’ मी तिच्या अंगावर ओरडले. बिचारी घाबरली. मग चहा करून दिला तिला, वेलदोडा घालून.

आदिती म्हणते, उपटू नको, वरचं मरतं, मुळं जिवंत असतात. ते झाडच तसलं, दर वर्षी जातं आणि परत येतं. म्हटलं, झाडाचं ठीक आहे गं. आणि फोन ठेवला. मग मोरीत जाऊन रडले. शालूबाईसमोर नको म्हणून.

१० सप्टेंबर

दशलक्षण पर्व. यांना बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, घेऊन गेले. सगळ्यांबरोबर उभे राहिले आणि णमोकार मंत्र खणखणीत म्हटला. एक अक्षर चुकलं नाही! मागच्या बायका म्हणाल्या, ‘किती बरं वाटतंय की हो यांना आता.’ मी मान डोलावली. मंत्र तोंडपाठ, बायको नाही. भगवंताचा हेवा वाटला. पर्वात असलं लिहू नये, पण वाटलं.

१९ ऑक्टोबर

‘वैनीऽ! तुमचा बाम जित्ता हाय!’ शालूबाई परड्यातून ओरडत आली. ऑगस्टात उपटायला निघालेली हीच! मातीतून हिरवे कोंब, चांगले घसघशीत. दोघी उकिडव्या बसून बघत राहिलो. हे आमच्याकडं बघत होते.

२ फेब्रुवारी २०२५

झाड गुडघ्याएवढं. यांचं बोलणं जवळजवळ थांबलंय. आक्काही म्हणत नाहीत आता. कधी वाटलं नव्हतं की तेही ऐकायला बरं वाटेल.

२७ एप्रिल

कळ्या! हिरव्या, घट्ट. रंग कळत नाही. दिवसातून किती वेळा जाऊन बघते, मलाच लाज वाटते.

४ मे

पांढरं! पांढरंच! तसंच विस्कटलेलं!

खुर्ची झाडापाशी ठेवली. यांना स्वच्छ सदरा घातला, हात धरून आणलं. बघत राहिले. मीही बघत राहिले, फुलाकडं नाही, यांच्या तोंडाकडं. काही हललं नाही. मग मधमाशा आल्या. माझा धीर सुटला. मोनासारखी यांच्या बाहीकडं बोट करून ओरडले — बी! बी! अहो, बी! यांचे हात धरून ओंजळ करायला लावली. दोनदा, तीनदा. हे घाबरले. हात सोडवून घेतले, खुर्चीवरून उठले आणि कट्ट्याच्या पार कडेला जाऊन बसले, अनोळखी माणसापासून सरकावं तसे. शालूबाई दारात उभी. तीच यांना पाणी घेऊन गेली.

काय केलं मी हे! दीड वर्ष एका रोपट्याच्या मागं लागले आणि यांना भिववलं. संध्याकाळी जेवायलाही माझ्या हातचं घेईनात. दिवस मावळायच्या आत शालूबाईनं चार घास भरवले.

५ मे

झाडाकडं गेले नाही. पाणीही घातलं नाही.

८ मे

सकाळी बस्तीतून आले तर हे आपणहून झाडाजवळ उभे. मला बघून पुढं आले. हसले. किती दिवसांनी!

‘या की पावणं, बसा. आमची राजमती बस्तीला गेलीया, येईल एवढ्यात. ही फुलं तिचीच. लई जीव लावतीया बघा, झाडाला आन मला बी.’

बसते की, म्हटलं. आणि यांच्या शेजारी बसून राजमतीची वाट बघितली.