लाल गाडीचं बुश

मी पोपटराव गेनभाऊ ढवळे, वय ७२, धंदा ट्रकमिस्त्री, राहणार घोडनदी, ता. शिरूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहितो. शिक्षण चौथीपर्यंत, तरी डोकं ठिकाणावर आहे; डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. कोणाची जबरदस्ती नाही. छातीत धडधडतं, पण ते तरुणपणापासूनच.

१. राहतं घर आणि बँकेत असेल ते पत्नी मालनबाईचं. पत्र्यावरचे दगड कोणी काढू नयेत. वारा सुटला की मला झोप लागत नाही.

२. गॅरेज, लेथ मशीन आणि सगळे पाने मुलगा ज्ञानेश याला. चौदाचा पाना हौसराव टायरवाल्याकडं आहे. तो नाही म्हणेल.

३. लाल, दोन सीटांची परदेशी स्पोर्ट कार. ही मी १९९५ साली घोड्यांच्या फार्मवरून भंगारात घेतली. इंजिन सीटच्या मागं, त्यामुळं गिअरचा दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये लांब केबल. दांडा खुळखुळा झाला, तिसरा गिअर पडेना. मी ट्रकवाला, गिअरबॉक्सच उतरवला, तोही दोनदा. दोष सापडला नाही. शेजारच्या गॅरेजचा मेहमूद, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, आला, वाकला, केबलच्या टोकाला बोट लावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आबा, बॉक्स कशाला उतरवला? हितलं बुश झिजलंय. एवढुसं हाय बघा."

त्यानं नायलॉनचं बुश, म्हणजे सांध्यात बसणारी बारकी नळी, लेथवर काढलं आणि केबलच्या कडीत दाबून बसवलं. चहा निवायच्या आत गिअर पडला. ज्ञानेश म्हणाला, "चाचा, मानलं तुम्हाला!" मला माझ्या मुलानं असं कधी म्हटलेलं नाही. मालनबाईनं त्याला कांदाभजी करून घातली. मला कोणी विचारलं नाही.

महिन्याभरात मी ते बुश गुपचूप काढून डब्यात ठेवलं. ट्रकच्या रबरातून माझं कापून बसवलं आणि ग्रीस चोपडलं. ट्रकला जिथं सांधा तिथं ग्रीस, हीच सवय. ग्रीसनं रबर फुगतं, मऊ पडतं, हे ध्यानातच आलं नाही. घोड नदीच्या पुलावर गिअर बदलताना केबल निसटली, गिअर पडेना, गाडी मधेच थांबली. मागून ट्रक घासून गेला. गाडी ज्ञानेश चालवत होता, शेजारी माझी नात पिंकी, चार वर्षांची. हनुवटीला तीन टाके पडले.

सगळे म्हणाले, मेहमूदचं बुश. मी नाही म्हटलं नाही. मेहमूद आला, "आबा, बुश दाखवा की मला." मी म्हटलं, "नदीत टाकलं." त्याचं गिऱ्हाईक तुटलं, तो शिक्रापूरला गेला. ज्ञानेश त्याच्याशी नऊ वर्षं बोललेला नाही.

पुढं मी मेहमूदचंच बुश परत बसवलं. अजून केसभर ढिलं झालेलं नाही. त्याचाही राग येतो.

सबब गाडी मेहमूदला द्यावी. हे कलम मी मेल्यावर ज्ञानेशनं गॅरेजांच्या लायनीत मोठ्यानं वाचावं. जिवंतपणी नको. लोक मेहमूदला शाबास म्हणताना मला बघवणार नाही.

४. हे वाचून साक्षीदार ज्ञानदेव सही करता करता थांबले. म्हणाले, "आबा, मेहमूदभाईला शुगर हाय. पायाचं बोट काढलंय. तुमच्या आधी गेलं म्हंजी?"

मी म्हटलं, "जाईल की! सगळ्यातच पुढं असतो." पण हे माझ्या मनात आलंच नव्हतं.

म्हणून 'जिवंतपणी नको' ही वरची अट रद्द. याची एक नक्कल ज्ञानदेवांनी आज दुपारच्या एसटीनं शिक्रापूरला नेऊन मेहमूदच्या हातात द्यावी. ज्ञानेशनंही आजच वाचावं. मी वडगाव रासाईला मेहुण्याकडं जातो. मेहमूद आलाच तर सांगावं, आबा चार दिवस घरी नाहीत. तो काय म्हणाला ते मला कळवू नये.

ज्ञानेश काय म्हणाला ते कळवावं.

वाचून, समजून, घाम पुसून सही केली.

पोपटराव गेनभाऊ ढवळे (सही)
साक्षीदार: १. ज्ञानदेव (सही) २. आनंदराव (सही)
ठिकाण: शिरूर. दिनांक: १२ डिसेंबर २००६