पायाखालचा ब्रेक

प्रिय ताई,

चार वर्षांनी माझं अक्षर पाहून घाबरू नकोस. लेक बरी आहे, म्हणजे आजपुरती. मी इस्पितळाच्या जिन्यावर बसून लिहितोय. एवढ्यात दोनदा उठून वॉर्डाच्या दारापर्यंत जाऊन आलो. आत घेत नाहीत. काल सलाईन फार जोरात चाललंय असं वाटून मी हात घालायला गेलो, तर नर्स म्हणाली, काका, बाहेर बसा, नाहीतर तुम्हालाच सलाईन लावीन.

माझी खोड तुला माहीतच आहे. सव्वीस वर्षं लोकांना ड्रायव्हिंग शिकवलं. शिकाऊ गाडीत मास्तरच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. तो काही सुटला नाही. लेकीच्या गाडीत शेजारी बसलो तरी माझा उजवा पाय दाबत राहतो. ती हसायची, बाबा, तिथं नुसता पत्रा आहे, भोक पाडाल. तिच्या हृदयाची झडप बदलावी लागणार हे कळल्यापासून तर मी बसल्या जागी पाय दाबतोय. संमतीच्या कागदावर तिनं केव्हाच सही केली. नातेवाइकाच्या सहीची जागा रिकामी ठेवून दोन दिवस तो कागद माझ्या खिशात. डॉक्टरांना इतकं पिडलं की ते म्हणाले, काका, आता विचारायचं काही उरलं नाही.

आज दुपारी तळमजल्यावरच्या प्रार्थनेच्या खोलीत शिरलो, खरं तर पंखा होता म्हणून. समोर साधा लाकडी क्रूस. बाकावर बसलो आणि पाहतो तर तिथंही पाय जमिनीवर दाबलेला, पोटरीत गोळा येईपर्यंत. आधी हसू आलं, मग रडू. ठरावीक प्रार्थना एकही आठवेना. म्हटलं, प्रभू, माझ्याच्यानं होत नाही. मी पाय काढतो, तू हिला सांभाळ.  मग वर येऊन त्या कागदावर सही केली. ती ताकद माझी नव्हे, ताई. माझी होती ती परवाच संपली. अर्ध्या तासात पाय पुन्हा दाबायला लागला, हेही सांगून टाकतो. पुन्हा खाली गेलो.

चार वर्षांपूर्वी लेकीच्या आईच्या दफनाच्या दिवशी माझ्या खांद्यावर हात ठेवून तू प्रार्थना करू लागलीस आणि मी तो झटकून म्हणालो, माझं मी बघून घेईन. नाही बघता आलं. सोमवारी सकाळी नऊला तिला ऑपरेशनसाठी आत नेतील. त्या बाकावर मला एकट्यानं बसणं जमणार नाही. येशील? बोलू काही नकोस, फक्त हात ठेव. या वेळी मी हलणार नाही.

तुझाच,
धाकटा