सल्ल्यांचा बडग्या

१० ऑगस्ट, रविवार

नाही जाणार! पुढच्या रविवारी त्या वर्गाले मी जाणारच नाही.

गिरिधर काकांनी आज मले सगळ्यांसमोर उभं केलं. नाव सांग म्हणे. समाजभवनात गल्लीतली सगळी पोरं, मागे फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘किशोरांसाठी जीवनमार्गदर्शन’, आणि मी – व... व... व... ‘वेदिका’ बाहेर यायले जन्म गेला! मग काका त्यांच्या त्या संथ आवाजात, एकेक शब्द तोलून: “घाई... करायची नाही, बाळ. आधी श्वास. मग... शब्द.” पोरं खाली मुंडी घालून हसून राहिली होती.

श्वास येतो मले, काका! सोळा वर्षांपासून घेऊन राहिली. अडकतो तो शब्द. पण एवढं सांगाले तिथं अर्धा तास लागला असता, म्हणून चूप बसली. त्याचाच जास्त राग येऊन राहिला.

१२ ऑगस्ट

आत्या वेखंड उगाळून घेऊन आली. जिभेवर चोळ म्हणे, जीभ हलकी होते. इतकं कडू, इतकं कडू! गेल्या वर्षी तोंडात गारगोट्या ठेवून बोलाले लावलं होतं. एक गिळता गिळता वाचली. शाळेतल्या मॅडम म्हणतात, आत्मविश्वास वाढव. कुठं भेटतो? इतवारीच्या बाजारात असेल तर सांगा, दोन किलो आणते.

१३ ऑगस्ट

गल्लीच्या बडग्याची मीटिंग झाली. मारबतीची मिरवणूक पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तेवीसले आहे. जे जे आपल्याले नको, त्याचा पुतळा, म्हणजे बडग्या, करायचा, वाजतगाजत न्यायचा आणि जाळायचा – गेल्या साली रस्त्यावरच्या खड्ड्यांचा केला होता. यंदा कोणी महागाई म्हणे, कोणी मोबाईल. तेच ते!

मी म्हटलं, “स-स-सल्ले.”

बडग्याचं सगळं पाहणाऱ्या विक्रमदादानं मांडीवर थाप मारली. “अबे, जबरदस्त! फुकटचे सल्ले! हे एवढं मोठं तोंड करू.” मी म्हटलं, कान ठेवू नका. पास!

मग म्हटलं, ‘फुकटचे सल्ले घेऊन जा गे मारबत’ ही घोषणा मी देईन.

“वेदे, पाह्य,” विक्रमदादा हळूच म्हणाला, “पुढचा एकटाच ओरडते, मग पब्लिक. ‘घेऊन जा’वर अडकली म्हणजे? ‘घ’वर तर तू...”

माहीत आहे मले. ‘घ’ माझा दुश्मन नंबर एक. पण आयडिया माझी, राग माझा, आणि ओरडणार दुसरा कोणी? काहून? तो म्हणाला, पाहू. पाहू म्हणजे नाही.

१५ ऑगस्ट

शाळेत झेंडावंदनानंतर संविधानाची उद्देशिका वाचाले माझं नाव होतं. ऐनवेळी मॅडमनं दुसरीले दिली. “तुझ्याच भल्यासाठी गं.” माझं भलं करणाऱ्यांची लाईन लागली आहे!

१७ ऑगस्ट, रविवार

नाही गेली वर्गाले. बडग्याले कागद चिकटवत बसली. बांबूचा सांगाडा, वर धानाचं तणस, त्यावर खळ लावून पेपर. तोंड तर असं झालं की आत गल्लीतला अश्विन बसू शकते. त्याच अश्विननं घरून जुना चष्मा आणि जाकीट आणून चढवलं – डिट्टो गिरिधर काका! हसून हसून लोळलो आम्ही.

आणि मागे पाहतो तर काका. वर्ग सुटून घरी चालले होते. उभे राहून पाहिलं, बराच वेळ. “तोंड... छान झालं,” म्हणाले आणि गेले. ना राग, ना काही. मले थोडं वाईट वाटलं. थोडंच. चष्मा मी काढू दिला नाही.

१९ ऑगस्ट

आईसोबत जोरदार भांडण. तिले कोणीतरी सांगितलं, मी घोषणा मागून राहिली म्हणून.

“काहून हौस करून राहिली वं? साऱ्या इतवारीसमोर हसतील तुले. माझ्यानं पाहवत नाही.”

“नको पाहू!”

सरळ निघालं. रागात सरळच निघते. आई पदरानं डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली.

तिचं काय चुकलं? लहानपणापासून माझ्या वाटचं तीच बोलत आली. दुकानात, डॉक्टरकडे, शाळेत. पण मग मी कधी बोलू? लोक हसले की मले लागते. खूप लागते, खोटं काहून बोलू. पण चूप बसली तरी लागतेच ना! मग बोलूनच लागू दे. अडकून बोलीन, पण मीच बोलीन.

२१ ऑगस्ट

विक्रमदादा तयार झाला! पण अट घातली – अडकली की पुढचं तो ओरडणार.

“घ-घ-घंटा!” म्हटलं.

तो पोट धरून हसला. मग म्हणाला, “जाऊ दे. अडकली तर अडकली. आपण थांबू.”

असं आजपर्यंत मले कोणी म्हटलंच नव्हतं.

२२ ऑगस्ट

पोळा. उद्याच्या विचारात पुरणपोळी ताटातच राहिली.

२३ ऑगस्ट

आवाज पार बसला. पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही!

काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे उंच पुतळे, गुलाल, धक्काबुक्की, मुंगीले जागा नाही. मी ठेल्यावर, बडग्याच्या पायाशी. विक्रमदादानं खूण केली. “फुकटचे सल्ले –” मस्त निघालं. मग घ... घ... घ...

अडकला. जसा नेहमी अडकतो तसाच. शेकडो तोंडं माझ्याकडे. कान तापले. विक्रमदादाचा चेहरा रडका झाला, पण शब्द पाळला गड्यानं, तोंड उघडलं नाही. तेवढ्यात ढोलवाल्यानं माझ्या एकेका ‘घ’वर टिपरू हाणलं. त्याले वाटलं, असंच आहे! आणि पब्लिकलेही वाटलं, असंच आहे –

“घे-घे-घेऊन जा गे मारबत!”

सारा रस्ता अडकला माझ्यासोबत! दुसऱ्यांदा अडकली, मुद्दाम नाही, खरोखर. पब्लिक अजून जोरात. मध्येच एकदा चुकून सरळ निघालं, तर सगळे थंड! एक पोट्टा ओरडला, “ओ ताई, पयल्यासारखं!”

एका ओट्यावर बाया उभ्या होत्या, त्यात आई. हात वर करून ओरडून राहिली होती. माझी आई! कोपऱ्यावर गिरिधर काकाही दिसले. ते ओरडत नव्हते. तोंडावर हात धरून नुसते पाहून राहिले होते.

बडग्या जाळला. चष्म्यासकट.

२४ ऑगस्ट, रविवार

गेली वर्गाले. आपल्या मनानं गेली, भांडाले. बडग्याबद्दल काय बोलायचं ते माझ्या तोंडावर बोला म्हणावं.

काका उभे राहिले. “मु... मु... मु-मु-मुलांनो.”

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. माझं डोकंच फिरलं – माझी नक्कल करून राहिले! ताडकन उठली. मग त्यांच्या गळ्याची शीर पाहिली. दोरीसारखी ताणलेली. डोळे मिटलेले. शब्द निघावा म्हणून मूठ मांडीवर आपटून राहिले होते. याचं सोंग करता येत नाही. मले विचारा.

सत्तरी उलटली त्यांची. कोणालेच माहीत नव्हतं. तो संथ, तोललेला आवाज काहून, ते आज कळलं.

मी खाली बसली. हसणाऱ्याकडे असं पाहिलं की तो चूप. वाक्य पुरं व्हायले वेळ लागला, लागू दिला.

“आज... स-स-सल्ला नाही. तु-तुम्ही बोला. मी ऐ-ऐकतो.”

सगळ्यात आधी मी उभी राहिली.