माघारीची मुदत

२९ ऑक्टोबर २०२४, दुपारी २.४०
अजून रांगेतच. पुढं दोघे. मागं माझा मित्र शौकत. अपक्षाला दहा सूचक लागतात. सह्या दहा आहेत, माणसं चहाला गेली आहेत. शौकत म्हणाला, वकील, दर वेळी शेवटच्या दिवशीच का येता? म्हटलं, शेवटी येणाऱ्याकडं सगळ्यांचं लक्ष असतं. म्हणाला, साहेबांचं घड्याळाकडं आहे.

२.५५
अर्ज दाखल. विधानसभेला तिसऱ्यांदा. २०१४ला आंबेगाव, २०१९ला जुन्नर, आता पुन्हा जुन्नर. आधी दोन्ही तालुक्यांची मानसिक तयारी झालेली नव्हती.

संध्याकाळी
प्राची वह्या तपासत होती. म्हणाली, भरला? म्हटलं, भरला. मग तिनं फोनवर यादी दाखवली. जिल्हा न्यायाधीशपदाची लेखी परीक्षा मी पास. चौथ्या प्रयत्नात. मुलाखत ३ डिसेंबरला, मुंबईत. वयाच्या अटीमुळं ही शेवटची संधी.
एकाच दिवशी विधिमंडळ आणि न्यायमंडळ. उरलं प्रशासन, ते तहसीलदारांकडंच राहू दे.

३० ऑक्टोबर
छाननीत अर्ज वैध. बाररूममध्ये सगळ्यांना सांगितलं. ॲड. दादाभाऊ सगळ्यांत ज्येष्ठ. म्हणाले, अरे, तुला न्यायाधीश व्हायचंय का पुढारी? पंधरा दिवस आधी मतदान यंत्रावर तुझं नाव, शेजारी कढई नाही तर फुगा. मुलाखत घेणारे काय म्हणतील? जुन्या दोन निवडणुका विसरतील, ही नाही विसरणार. चार तारखेला तीनच्या आत माघार घे आणि गप अभ्यासाला बस. म्हटलं, अपक्ष म्हणजे निष्पक्ष, न्यायाधीशाला आणखी काय लागतं? म्हणाले, थोडं डोकं लागतं.

घरीही तोच विषय. प्राचीला मुख्याध्यापकपदाची बढती आली आहे. शाळा आंबेगाव तालुक्यात, महाळुंगे पडवळला. ती अजून हो म्हणालेली नाही. मी न्यायाधीश झालो तर नेमणूक कुठंही होईल. म्हणाली, अहो, तुम्ही अर्ज मागं घ्या, मी बढती नाकारते. एकदाचे दोघं मिळून कुठंतरी जाऊ.
घरच्या विनंतीला राजकीय अर्थ नसतो.

३१ ऑक्टोबर, पहाटे
झोप नाही. विचार केला. माघार घ्यायची. नक्की. पण माघारीला रीत असते. माणसं घरी येतात. विनवतात, खांद्यावर हात ठेवतात. फोटो निघतो. मग आपण मोठ्या मनानं मागं सरतो. कुणी न सांगता जाऊन अर्ज काढला तर लोक म्हणतील, मग आला कशाला होता?
तेव्हा कुणीतरी येईपर्यंत थांबणं भाग आहे.

१ नोव्हेंबर
लक्ष्मीपूजन. दार दिवसभर उघडं ठेवलं. प्राचीला जास्त कप काढून ठेवायला सांगितलं. दोन माणसं आली. केबल बघायला आली होती.

२ नोव्हेंबर
चूक सापडली. मी फारच रिचेबल आहे. घरात बसलेल्या माणसाला कोण शोधणार? माघारीच्या आधी मातब्बर बंडखोर नॉट रिचेबल होतात. मग धावपळ सुरू होते.
शौकतच्या पिकअपमधून घाटघरला निघालो. तिथं हौशीराम आहे, माझा जुना पक्षकार. रेंज नाही. शौकत म्हणाला, वहिनीला सांगितलं का? म्हटलं, नॉट रिचेबल म्हणजे सगळ्यांना. म्हणाला, मग मला कशाला सांगितलं? म्हटलं, तू माझा कार्यालयप्रमुख. मला सोडून तो परत गेला.

३ नोव्हेंबर, घाटघर
हौशीराम भात झोडतोय. म्हणाला, वकीलसायब, मागं कोन लागलंय का? पोलीस? म्हटलं, लागणार आहेत. म्हणाला, कदी?
त्याला नीट पढवलं. जीप येईल. माझं नाव विचारतील. पहिल्यांदा नाही म्हणायचं. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा गप्प राहायचं आणि माझ्याकडं बघायचं. लगेच सापडलो तर किंमत राहत नाही. हौशीराम म्हणाला, म्हंजी सोयरीक जमवत्यात तसंच की.
दुपारी खडकावर गेलो. तिथं उभं राहिलं की थोडी रेंज येते. फक्त अंदाज घ्यायला. प्राचीचे फोन येऊन गेलेले. एक मेसेज: उद्या तीनच्या आत या. बाकी कुणाचं काही नाही. म्हणजे ते फोनवर वेळ घालवत नाहीत. थेट येणार.

४ नोव्हेंबर, सकाळी १०.३०
जीप! पांढरी. खोताच्या खळ्याकडून वळली. मी पेंढ्यांच्या मागं आहे. दोघं उतरले. एकाच्या गळ्यात पक्षाचं उपरणं. जे बोललो होतो तेच झालं.

११.१५
जीप गेली.
त्यांनी विचारलं, चांगदेव वकील इथं आहेत का? हौशीराम म्हणाला, न्हाई बा, हितं कोन वकील न्हाई. ते बरं म्हणाले. पाणी प्यायले. हवा लई गार आहे म्हणाले. दुसऱ्यांदा विचारतील म्हणून मी हललो नाही. जीपच्या दाराचा आवाज आला, तेव्हाही वाटलं, बसून विचारतील.
हौशीरामवर ओरडलो. म्हणाला, तुमीच म्हनला दोनदा न्हाई म्हन. दुसऱ्यांदा त्यांनी इचारलंच न्हाई, मी काय करू? आन एवढं व्हतं तर बाहेर यायचं की राव.
वळणापर्यंत पळालो. धूळ होती.

दुपारी १.३०
एसटीत. भाऊबीज उरकून परतणाऱ्यांची गर्दी. गाडी प्रत्येक वाडीला थांबते आहे. अजून वेळ आहे.

३.२०
गेटवर हवालदार म्हणाला, वेळ संपली. म्हटलं, मी उमेदवार आहे. म्हणाला, मग राहा की उमेदवार. कोण नको म्हणतंय?

५ नोव्हेंबर
शौकतकडून कळलं. रविवारी प्राची मोठ्या पक्षाच्या उमेदवाराच्या कचेरीत गेली होती. म्हणाली, आमच्या ह्यांना माघार घ्या म्हणायला दोन माणसं पाठवा. ते म्हणाले, कुणाला? तिनं नाव सांगितलं. म्हणाले, कोण हे? मग तिनं सगळं समजावलं. त्यांची एक जीप रिकामी उभी होती. डिझेल तिनं भरलं. घाटघर शौकतनंच तिला सांगितलं.
म्हणजे जीप खरोखरच मोठ्या उमेदवाराच्या कचेरीतून आली होती. माझा अंदाज चुकला नव्हता.
गुप्तता फोडल्याबद्दल शौकतचं कार्यालयप्रमुखपद काढून घेतलं. संध्याकाळी परत दिलं. पिकअप त्याची आहे.
माझी कायद्याची पुस्तकं प्राचीनं टेबलावर रचून ठेवली आहेत.

१२ नोव्हेंबर
नवा कार्यक्रम: पहाटे चार ते सात अभ्यास, सात ते सात प्रचार, नंतर पुन्हा अभ्यास. उद्यापासून.
आज डिंगोऱ्याला गेलो. पारावर पंधराएक माणसं. मी उभा राहताच तोंडातून निघालं, माझं म्हणणं ऐकून घ्यावं. मागून एकजण म्हणाला, राव, त्यापरीस पुढची तारीख द्या. सगळे हसले. वातावरण अनुकूल.
धोंडाबाईंच्या बांधाची केस माझ्याकडं आहे. म्हणाल्या, मत देती की. पन तू तकडं मुंबईला गेलास तर माजी केस कोन चालवनार? आदीच लई वर्सं झाली. म्हटलं, मी न्यायाधीश पण होतोय. म्हणाल्या, मग तूच दे की निकाल.
येताना शौकतच्या घरी जेवलो. त्याची आई बिबिजान दुआ मागणार होत्या. म्हणाल्या, बेटा, आमदार का जज, एक काहीतरी सांग. दोन गोष्टी एकदम मागितल्या की कुठलीच नीट ऐकली जात नाही. म्हटलं, दोन्ही मागा. त्यांनी पोळी वाढली. म्हणाल्या, मी प्राचीला विचारते.

१९ नोव्हेंबर
प्रचार काल संपला. पुस्तकं उघडायला हवीत. उद्या मतदान, त्यामुळं उद्या नको. निकालापर्यंत मन लागणार नाही. निकालानंतर दहा दिवस मिळतात. पुरेत.

२३ नोव्हेंबर
मागच्यापेक्षा अकरा मतं जास्त. कल स्पष्टपणे चढता. नोटा पुढं आहे, पण नोटाला घरोघर फिरावं लागत नाही.
मोठा उमेदवार पडला. मिरवणूक दुसऱ्याची निघाली. गुलाल आमच्या पायरीपर्यंत आला. प्राचीनं पायरी धुतली. म्हणाली, आता तरी बसा अभ्यासाला. बसलो. बाहेर फार आवाज होता.

३ डिसेंबर, रात्री, परतीच्या एसटीत
मुलाखत उत्तम झाली. समोर तिघे. कायद्याचं एकच विचारलं, त्याचं उत्तर बरंचसं आलं. मग मधले म्हणाले, आपण नुकतीच निवडणूक लढवलीत? म्हटलं, हो, अपक्ष. याआधी? दोनदा. पुन्हा लढणार का?
इथं नाही म्हणायचं असतं. प्राचीनं सकाळी निघताना तेवढंच सांगितलं होतं. म्हणाली होती, एवढं एकदा नाही म्हणून या.
मी म्हटलं, लोकांचा आग्रह झाला तर विचार करावा लागेल.
ते म्हणाले, या वेळी आग्रह कुणी केला होता? मी पाणी प्यायलो. ते म्हणाले, आभारी आहोत.
बाकीच्यांना बराच वेळ आत ठेवत होते. त्यांच्याविषयी शंका असणार. माझं लगेच उरकलं.
प्राचीचा फोन आला. म्हणाली, नाही म्हणालात ना? म्हटलं, एकंदरीत तसंच. मग म्हणाली, जेवून घ्या.

१८ डिसेंबर
निवड यादी लागली. आडनावावरून शोधलं. मग नावावरून. छपाईत काही वेळा गळतं. प्राचीनं माझ्याआधी पाहिली होती, तिनंही दोन्हीवरून शोधलं होतं.
हरकत नाही. जिल्हा परिषदेच्या निवडणुका कधीही लागतील. बारचं अध्यक्षपदही रिकामं होतंय. दादाभाऊंना विचारलं. म्हणाले, घरी जा.
प्राचीनं बढती घेतली. महाळुंगे पडवळला शाळेजवळ खोली पाहिली आहे. रोजचा एसटीचा प्रवास नको म्हणून. व्यवहारी निर्णय आहे. म्हटलं, मीही अधूनमधून येत जाईन, तिकडचा जुना संपर्क आहेच. म्हणाली, तिथं तरी उभे राहू नका. मी हसलो. ती हसली नाही. कपाटातले कपडे काढत होती.

१९ डिसेंबर
सकाळी सातला शौकत पिकअप घेऊन आला. खाट, शेगडी, दोन पेट्या चढवल्या. प्राची पुढं बसली. शौकत म्हणाला, वकील, चलता का? तिनं सरकून जागा केली. मी म्हटलं, कोर्टात तारीख आहे. तारीख नव्हती. साडेसातला गाडी गेली.